न तडकलेल्या बशा

"एकट्या बाईला ही छोटी भट्टी पुरे," दुकानदार म्हणाला, आणि शकूताईंनी ती घेतली. काचेच्या बशा तिच्यातून सुरेख निघू लागल्या. काच चिकटू नये म्हणून फळीला पांढरा लेप देणं असो की भट्टी रात्रभर निवू देणं, त्यांचं काही चुकत नसे.

यजमान होते तेव्हा असं नव्हतं. त्यांना दमच निघत नसे. काच निवायच्या आत जुन्या भट्टीचं झाकण उचलायचे, गार वारा लागून बशी तडकायची, आणि शकूताई दिवसभर करवादायच्या. ते गेल्यापासून एकही बशी तडकली नव्हती.

आज भट्टी चांगली गरम असतानाच शकूताईंनी झाकण उचललं. आतून टच्च आवाज आला.

"तरी सांगत होते, जरा थांबा म्हणून," शेजारी वळून न बघताच त्या म्हणाल्या.