आलुबुखाराची दुपार

लोणी थंड हवं, हे त्याला माहीत होतं. किती थंड, हे जिला माहीत होतं ती पलंगावर उशीला टेकून बसली होती, आणि चार महिन्यांत तिच्या तोंडून एक शब्द निघाला नव्हता.

मधलं दार त्याने बिजागऱ्यांसकट काढून टाकलं होतं. त्यामुळे पलंगावरून ओटा दिसायचा आणि ओट्यापासून पलंग. आजारपणाने तिची उजवी बाजू नेली. पाय बराचसा परत आला, हात अर्धामुर्धा आला, वाचा मात्र आली नाही. बोलायला शिकवणाऱ्या बाई आठवड्यातून दोनदा यायच्या. त्या म्हणाल्या होत्या, "शब्द आत आहेत, काका. त्यांना वाट सापडत नाहीये. काकूंच्या मागे लागू नका, 'बोल, बोल' म्हणू नका. त्यांच्यासमोर तुम्हीच बोलत राहा."

तुम्हीच बोलत राहा. तीस वर्षं त्याने बस चालवली होती, डोक्यावर 'चालकाशी बोलू नये' अशी पाटी घेऊन. घरी बोलण्याचं खातं बायकोकडे होतं. ती बोलायची, तो 'हं' म्हणायचा, आणि गाडी सुरळीत चालली होती. आता साठी उलटल्यावर तो बोलायला शिकत होता. काही सुचलं नाही की हातात असेल त्याविषयी बोलायचा. आज हातात पेस्ट्रीचा मैदा होता.

"हे बघ, गोळा झाला. आता लाटायचं, मध्ये लोणी, वरून घडी. परत लाटायचं, परत घडी. तू सहा घड्या घालायचीस, मी चारच घालणार. पाचवीला माझी कंबर संपावर जाते."

ती बघत होती. त्याच्याकडे की त्याच्या पलीकडे, ते त्याला अजून ओळखता येत नव्हतं.

शेजारणीने सकाळीच टोपलीभर आलुबुखार दिले होते. तो ते चिरायला बसला. खिडकीतून आलेल्या उन्हात मैद्याची धूळ खाली बसायचं विसरून नुसती तरंगत होती. जांभळा रस मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला. तो पुसायच्या भानगडीत पडला नाही, बोलत राहिला.

"एकदा धुक्यात माझा रस्ता चुकला होता. तुला कधी सांगितलं नाही. बस थांबली ती थेट एका फळबागेत. पुढे झाड, मागे झाड. म्हटलं, आता उतारू मला फाडून खाणार. तर कुणी हूं की चूं केलं नाही. सगळे खाली उतरले, झाडाखाली डबे सोडून बसले. एका बाईंनी मलाही वाढलं. धुकं विरेपर्यंत कुणाला कुठे जायचंच नव्हतं."

हे खरंच घडलं होतं, की बोलता बोलता आत्ता घडत होतं, ते त्याचं त्यालाच सांगता येईना. फोडी भांड्यात चमकत होत्या. त्याने लाटलेले चौकोन कापले, फोडी भरल्या, कडा दुमडल्या. त्रिकोण व्हायला हवे होते. कुणाचं नाक वर, कुणाचं पोट बाहेर. एकाचं तोंड तर मिटेचना.

तो ट्रे घेऊन पलंगापाशी गेला. "बघ बाई, हे माझं कर्तृत्व."

तिने डावा हात उचलला. वेळ लागला. मग उघड्या तोंडाची कड दोन बोटांत धरून तिने चिमटली, थोडं सरकून पुन्हा चिमटली, पार टोकापर्यंत. बाईंचं बजावणं आठवून तो एवढंच म्हणाला, "हं."

ट्रे ओव्हनमध्ये गेला. तो तिच्या पायाशी खुर्ची ओढून बसला. हळूहळू घरभर लोण्याचा वास पसरला, त्यामागून फळाचा. रस्त्यावर कुणी सायकलची घंटी वाजवली, ती फार लांबून आल्यासारखी वाटली. तिचे डोळे मिटले, मग त्याचेही. पुन्हा तीच बाग होती. धुकं होतं, आणि बसच्या खिडकीशी ती एकटीच बसली होती, गुपचूप, तिकीट हातात धरून.

ओव्हनच्या टिंगने तो दचकून उठला.

पापुद्रे फुलले होते. कडांवर रस उकळून काळसर झाला होता. त्याने एक पेस्ट्री ताटलीत घेतली, फुंकर घालून निववली आणि छोटा तुकडा तिच्या ओठांशी नेला. ती चावू लागली. चावता चावता थांबली. कपाळाला आठ्या पडल्या, एक डोळा बारीक झाला.

"आंबट," ती म्हणाली.

त्याला वाटलं, शेजारी कुणीतरी बोललं. त्याने भिंतीकडे पाहिलंसुद्धा.

"साखर," ती म्हणाली. आवाज खरखरीत होता, बरेच दिवस न उघडलेल्या खिडकीसारखा. "साखर... विसरलात."

ताटली खाली ठेवावी, की बाईंना फोन करावा, की नुसतं रडावं? मागे लागू नका, बाई म्हणाल्या होत्या. त्याने उरलेला तुकडा स्वतःच्या तोंडात टाकला. दात आंबले, कानामागून शिरशिरी गेली. खरोखरच साखरेचा कण नव्हता.

"छे," तो शांतपणे म्हणाला. "मला तर गोड लागतंय."

तिने त्याच्याकडे पाहिलं. त्याच्याकडेच, पलीकडे नाही.

"खोटं."

"अगं, मध आहे नुसता." त्याने दुसरा घास घेतला. डोळ्यांत पाणी आलं, ते त्याने येऊ दिलं.

तिचे ओठ हलले, थांबले, परत हलले. त्याच्याशी भांडायला ती पुढचा शब्द शोधत होती. त्याला घाई नव्हती. त्याने ताटलीतला तिसरा घास उचलला, आणि तिला दिसेल असा, चवीने चावायला लागला.