एकेचाळीस हजार किलोमीटर

माणिकप्पा मिस्त्रीने हिंमतरावांच्या गाडीच्या इंजिनाच्या बाजूचं झाकण काढलं आणि आतला तुटका पट्टा बाहेर ओढला. पट्ट्याचे दात पार झिजले होते.

हिंमतराव गॅरेजच्या दारात उभे होते. गावच्या सोसायटीचे चेअरमन, पण आज बरोबर कुणी नव्हतं. डोकं नुकतंच भादरलेलं.

"गेल्या महिन्यात तुमीच सांगितलं न्हवं?" ते म्हणाले. "पट्टा साठ हजार किलोमीटरला बदलायचा, अजून लई दम हाय म्हणून."

"व्हय मालक. मीटर एकेचाळीस हजार दावत हुतं."

"मग?"

माणिकप्पाने तुटका पट्टा पुन्हा उलटून पाहिला. जीपच्या इंजिनात साखळी असते. ती सैल पडली की आधी महिनाभर खडखडते, बहिऱ्यालाही कळतं. या नव्या छोट्या गाडीत रबरी पट्टा. तो हूं की चूं न करता एकदम तुटतो आणि इंजिन जागीच बंद पडतं. म्हणून मीटर बघायचं आणि वेळेत बदलायचा. लोहाऱ्यात हे ठाऊक असलेला तो एकटाच मिस्त्री होता, आणि त्याचा त्याला तोराही होता.

अकरा दिवसांपूर्वी हिंमतरावांच्या पत्नीच्या, तुळजाबाईंच्या छातीत कळ आली. सोलापूरला नेताना जळकोटच्या अलीकडे गाडी बंद पडली. ट्रक मिळेपर्यंत दीड तास गेला. बाई ट्रकमध्येच गेल्या.

"आता तुमच्या हातात कुणी सायकलबी देणार न्हाय," हिंमतराव शांतपणे म्हणाले आणि निघून गेले. ते ओरडले असते तर माणिकप्पाला बरं वाटलं असतं.

तीस वर्षं कमावलेलं नाव एका पट्ट्यापायी गेलं होतं. आणि एक माणूसही. तो गाडीखाली शिरला आणि मीटरची तार तपासू लागला; ती काढली की गाडी धावते, पण मीटर हलत नाही. तारेच्या नटावर पकडीचे ओरखडे होते. एक-दोन नव्हे, शेकडो.

त्याने डिकी उघडली. दोन वर्षं धड पाऊस नाही, तरी तळाचा पत्रा रोज काहीतरी सांडावं तसा गंजून सडला होता. हातभट्टीचे डबे! माणिकप्पाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

गाडीचा ड्रायव्हर बलभीम बाहेर लिंबाखाली बसला होता. माणिकप्पाने जाऊन त्याची गचांडी धरली.

"मीटरची तार कोण काढत हुतं?"

"म्या," बलभीम म्हणाला. त्याने मान सोडवायचा प्रयत्नही केला नाही. "दोन वर्सं झाली, आप्पा. मालकांना हापिसात सोडलं की काढायचो, आणायला जायच्या आधी परत लावायचो. रोजचं चाळीस किलोमीटर."

"म्हंजी पट्ट्याचे साठ हजार कवाच भरले हुते! दारू वाहत हुतास ना? तुझ्यापायी मालकीण गेली रं!"

बलभीमच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "दारू न्हाय."

"मग काय?"

"कुणालाच सांगणार न्हाय अशी शपथ घेतलीया."

"चल, मालकांसमोर बोल."

"येतो. पण आधी तुमी माझ्यासंगं चला. सांगत न्हाय, दावतो."

दुपारच्या एसटीने दोघं निघाले. चोराचा जोडीदारही आज हाती लागेल, असा माणिकप्पाचा हिशेब होता.

फाट्यावर उतरून ते माळ चढून गेले. वर दुष्काळी कामावर तलावाचा बांध घालणं चाललं होतं. गावोगावची माणसं तिथंच पालं ठोकून राहिली होती. जवळच्या विहिरीच्या तळाचा खडक उघडा पडला होता. बाभळीखाली घागरी, हंडे, डबे ओळीने मांडलेले होते.

बलभीमला पाहताच बायांनी डोक्यावरच्या पाट्या खाली टाकल्या आणि त्या धावत आल्या. पुढं म्हातारी भिमाबाई होती. तिने त्याच्या मागं, उतारावरच्या रिकाम्या रस्त्याकडे पाहिलं.

"आज बी मोकळाच आलास व्हय रं?" ती म्हणाली. "पाण्याचं ऱ्हाऊ दे, आमी भागवू कसं बी. पर तुझ्या मालकीणबाई का येईनात? बऱ्या हायत न्हवं?"