पदराचा आडोसा

बाळंतपणानंतर मृणालीने आतड्याच्या सुजेच्या गोळ्या कुणालाही न सांगता बंद केल्या. औषध दुधातून बाळाच्या पोटात जाईल, अशी तिला धास्ती होती. पण थोड्याच दिवसांत जुनं दुखणं उलटलं. पोटात कळा येऊ लागल्या, शौचातून रक्त पडू लागलं. एके सकाळी बाळाला पाजतानाच तिला भोवळ आली. सासूबाईंनी बाळाला वरच्या वर झेललं.

शुद्धीवर आल्यावर तिने रडत रडत सगळं सांगितलं. आता बोलणी बसणार, असंच तिला वाटलं होतं. पण सासूबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "अगं, त्याला नुसतं दूध नको, तूही हवीस. चल, डॉक्टरांनाच विचारू."

तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तिला तपासलं, गोळ्यांचं पाकीट नीट वाचलं. "ही गोळी दुधात अगदी थोडी उतरते. पुन्हा सुरू करा आणि बाळाला खुशाल पाजा. त्याला जुलाब झाले, तर मात्र लगेच घेऊन या. आणि यापुढे मनानेच औषध थांबवायचं नाही."

"म्हणजे वरचं दूध द्यायला नको?" मृणालीने विचारलं.

"मुळीच नको."

बाहेर बाकावर येईतो बाळ भुकेने रडू लागलं. सासूबाई पदर पसरून आडोसा करून उभ्या राहिल्या. बाळ चुटूचुटू पिऊ लागलं, तशी मृणालीने मान वर केली.

"आई, तुम्ही..."

"राहू दे गं," सासूबाई म्हणाल्या. "आधी त्याला पोटभर पिऊ दे."