कपाटातलं रोप

दहाव्या दिवशी सकाळी नातीने चपलांच्या कपाटाचा खालचा कप्पा उघडला आणि अशी काही ओरडली, की आजोबांच्या कपातला चहा बशीत सांडला.

"आजोबा! हिरवं आहे! अंधारात राहूनसुद्धा हिरवंगार!"

तिच्या हातात आइस्क्रीमचा रिकामा डबा होता. त्यात ओली माती आणि मातीत राजम्याचं वीतभर रोप. तसाच दुसरा डबा खिडकीत होता. सातवीच्या विज्ञानाचा प्रयोग होता तो. एक रोप उजेडात ठेवायचं, एक अंधारात. दहा दिवस कप्पा उघडायचा नाही आणि मग काय फरक पडला ते वर्गासमोर उभं राहून सांगायचं. अंधारातलं रोप पिवळं पडतं, असं पुस्तकात लिहिलेलं होतं. हे पडलं नव्हतं.

"म्हणजे पुस्तकच चुकलंय," नात म्हणाली. "बाईंना सांगते. सगळ्यांना सांगते. असं कुणाचंच आलं नसणार!"

एरवी वर्गात हात वर करायचा म्हटलं तरी हिचे कान लाल व्हायचे. आज एका पायात मोजा, एक पाय उघडा, अशी ती आरशासमोर उभी राहून भाषणाची तालीम करत होती. आनंद अंगात मावत नव्हता पोरीच्या. आजोबांनी मात्र चहाचा कप न पिताच खाली ठेवला.

नात शाळेत आणि सूनबाई औषधांच्या दुकानात कामाला गेली, की घरात ते एकटेच उरायचे. तिसऱ्या दिवशी त्यांनी नुसतं डोकवायला म्हणून कप्पा उघडला होता. कोंब मान खाली घालून मातीतून वर येत होता. त्या इवल्याशा जिवाला जुन्या बुटांच्या वासात कोंडून पुन्हा दार लावायला त्यांचा हात धजला नाही. तेव्हापासून डबा रोज खिडकीत जायचा आणि चारच्या आत परत जागेवर यायचा. छत्तीस वर्षं टपाल वाटलं, पण दुसऱ्याच्या बंद पाकिटाला कधी नख लावलं नाही त्यांनी. आणि आता म्हातारपणी घरातल्या घरात ही चोरी.

गप्प बसावं, तर वर्गात पोरीचं हसं होणार. बोलावं, तर हा चेहरा आत्ताच उतरणार, आणि तोही आपल्यामुळे.

ती दाराशी बुटाचे बंद बांधत होती तेव्हा ते म्हणाले, "बाळ, थांब जरा. पुस्तक बरोबर आहे."

"पण हे बघा ना."

"मी रोज बाहेर काढत होतो त्याला. उन्हात ठेवायचो. तू यायच्या आत परत आत."

नातीचे हात बंदावरच थांबले. "का?"

"बघवेना गं."

तिने बंद बांधले. डबा उचलला आणि जिना उतरून गेली. रोज खालच्या पायरीवरून "येते!" अशी हाक यायची. आज आली नाही.

आजोबांचं दुपारचं जेवण ताटातच राहिलं. साडेतीनपासून ते गॅलरीत उभे होते. आयुष्यभर लोक दारात उभं राहून त्यांची वाट बघायचे. वाट बघणं इतकं जड असतं, हे त्यांना त्या दुपारी कळलं.

नात आली. दप्तर ठेवलं, पाणी प्यायली.

"सांगितलंस?" आजोबांनी हळूच विचारलं.

"सांगितलं. प्रयोग फसला म्हटलं, कारण घरात आजोबा आहेत."

"हसले असतील सगळे."

"हसले. बाईसुद्धा हसल्या." तिने ओठ पुसले. "मग म्हणाल्या, बाकीच्यांनी पुस्तकातलं उतरवून आणलंय, घडलेलं खरं हिने एकटीने सांगितलं. परत करायचाय. दहा दिवस. आणि या वेळी कप्प्याला कुलूप. किल्ली माझ्याकडे."

"बरं."

"शप्पथ?"

"शप्पथ."

ते दहा दिवस आजोबांनी कसे काढले ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. सकाळी घर रिकामं झालं, की ते समोरच्या बागेत जाऊन बसायचे. उगाच हात शिवशिवायला नको. एकदा फक्त परत आल्यावर खाली वाकून त्यांनी त्या दारावर बोटं टेकवली, आणि आपल्यालाच हसून उठले.

दहाव्या दिवशी नातीने कुलूप काढलं.

रोप पिवळं पडलं होतं. देठ दोऱ्यासारखा बारीक, पानं उंदराच्या कानाएवढी. पण खिडकीतल्यापेक्षा ते चांगलं चार बोटं उंच होतं, आणि सगळंच्या सगळं एका बाजूला, दाराच्या फटीकडे वाकलं होतं.

"हे उंच कसं गं?" आजोबांनी वाकून विचारलं.

"उजेड शोधत होतं," नात म्हणाली.

तिने पट्टी लावली. उंची मोजली, पानं मोजली, सगळं वहीत लिहिलं, चित्र काढलं, चित्रात पिवळा रंग भरला. आजोबा पाठीमागे हात बांधून उभे होते. त्यांनी काहीही मागितलं नाही. नुसता चष्मा काढून पुसला, मग पुन्हा पुसला.

नातीने वही मिटली आणि त्यांच्याकडे पाहिलं.

"झालं माझं. न्या आता."

आजोबांनी डबा दोन्ही हातांत घेतला आणि ते लगबगीने खिडकीकडे निघाले.

"हळू, आजोबा," ती मागून म्हणाली. "एकदम उन्हात नको. डोळे दिपतील त्याचे."