त्यांच्यातली पद्धत

भिंतीपलीकडून तिसऱ्यांदा धप्प आवाज आला, तशी कस्तुराबाईनं भाकरी तव्यावरच सोडली आणि उठून शेजारच्या खोलीची कडी वाजवली.

इंद्रजीतनं वीतभर दार उघडलं. अंगात कंपनीचा निळा शर्ट, कपाळावर घाम. तो हसून म्हणाला, बायको सातू कांडतीय, तिला रोज ताजं पीठ लागतं. कस्तुराबाईनं मान डोलावली. परत येईस्तोवर भाकरी करपली होती.

इंद्रजीत दौंडकडचा, बागायतदाराचं पोर. दोन महिन्यांपूर्वी कारेगावात तिच्या चाळीत राहायला आला. शेतकऱ्याच्या घरात कुणी मुलगी देत नाही, म्हणून बिहारातनं लग्न करून आणली, हे त्यानं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. बायकोचं नाव फूलमती. तिला मराठीचा एक शब्द कळत नाही म्हणे. ती सकाळी नळावर यायची ती छातीपर्यंत घुंगट ओढून, आणि इंद्रजीत तिच्या पाठीशी उभा. परक्याशी बोलायचं नाही, ही त्यांच्यातली पद्धत. तो कामावर गेला की दाराला बाहेरून कुलूप. तीही पद्धतच, नव्या नवरीनं वर्षभर उंबरा ओलांडायचा नसतो.

दुपारी कधी कधी त्या बंद खोलीतून हूं हूं असा कोंडलेला आवाज यायचा. माहेर आठवलं की तिकडच्या बाया तोंड मिटून गातात, असं इंद्रजीत म्हणाला.

समोरची ताईबाई कुजबुजायला लागली, की हे काही खरं नाही. कस्तुराबाईनं तिला झापलं.

त्याला कारण होतं. कस्तुराबाईचं लहानपण मेंढरांमागं गेलं होतं. तिची आई ताक विकायला गावात शिरली की बाया तिच्या कड्यांना, नेसण्याला, बोलण्याला हसायच्या. धाकट्या भावाच्या पोटावरचे डाग बघून तर एकीनं चारचौघांत तिच्या आईला राक्षसीण म्हटलं होतं. पोराचं पोट फुगलं तर डाग द्यायचा, एवढंच आईला ठाऊक. त्या दिवशी आई जेवली नाही. दुसऱ्याच्या रीतीला आपण नावं ठेवायची नाहीत, हे कस्तुराबाईनं तेव्हापासून मनाशी धरलेलं.

म्हणून नळावर बादली उचलताना त्या बाईच्या हातावर गोल गोल डाग दिसले, तेव्हा इंद्रजीतनं तोंड उघडायच्या आत तीच बोलली.

“तापात डागलं आसंल. आमच्यातबी डागायचे.”

“व्हय, काकू,” तो म्हणाला. “तुमाला कळतं.”

पुढच्या आठवड्यात घुंगटाखाली तिच्या पाठीवरची वेणी दिसेना. तिचा आजा वारला, त्यांच्यात केस उतरवतात, असं कळलं. कस्तुराबाईला वाईट वाटलं. पलीकडच्या खोलीत एक बिहारचीच बाई राहायची. ती नळावर फूलमतीशी आपल्या भाषेत बोलायला गेली, पण घुंगट हलला नाही. आमच्याकडं असं काही नसतं, असं ती बाई हिंदीत कस्तुराबाईला सांगून गेली. कस्तुराबाई म्हणाली, जिल्हा वेगळा असेल.

संक्रांत झाली. दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला कस्तुराबाई हळदी-कुंकवाचं ताट घेऊन निघाली. त्या पोरीच्या कपाळाला कुणीतरी बोट लावावं, हातावर तिळगूळ ठेवावा, एवढाच हेतू. इंद्रजीत दुसऱ्या पाळीला होता, म्हणून घरीच. दार नुसतं लोटलेलं होतं. तिनं ते ढकललं.

बाई जमिनीवर पडली होती, हात खाटेच्या पायाला बांधलेले. घुंगट तेवढा जागच्या जागी होता, आणि तो तोंडापाशी लाल झाला होता. इंद्रजीतच्या मुठीत फॅनबेल्ट होता.

तो दचकला नाही. दम खात, समजुतीच्या सुरात म्हणाला, “तुमी मधी पडू नगा, काकू. यांच्यात मारल्याबिगर बाईला नवरा आपला वाटत न्हाई.”

आणि कस्तुराबाई थांबली. क्षणभरच, पण थांबली. पुढं आयुष्यभर तिला तो क्षण टोचत राहिला.

त्यानं बाईच्या पोटात लाथ घातली. ताट खाली पडलं.

कस्तुराबाई आपल्या दाराशी गेली आणि नवऱ्याची कोपऱ्यात टेकवलेली मेंढक्याची काठी घेऊन आली. पहिला तडाखा मनगटावर बसला आणि हाड मोडल्याचा आवाज झाला. इंद्रजीतनं डाव्या हातानं तिचा गळा धरला, डोकं भिंतीवर आपटलं. डोळ्यांपुढं अंधारी आली तरी तिनं काठी सोडली नाही. ती आखूड धरून तिनं टोक त्याच्या गुडघ्यात हाणलं. तो वाकला, तशी जबड्यावर. दोन दात फरशीवर पडले. तोवर ताईबाईच्या आरड्यानं चाळीतले दुसऱ्या पाळीचे कामगार धावून आले. चौघांनी त्याला फरफटत अंगणात नेलं, आणि तिथं त्याला जो मार बसला तो थांबवायला कुणी पुढं झालं नाही.

कस्तुराबाई गुडघ्यांवर बसली. दोन महिन्यांत पहिल्यांदाच तिनं तो घुंगट वर केला. एक डोळा सुजून मिटलेला. ओठ फाटलेले. तोंडात फडक्याचा बोळा कोंबून वरून घट्ट चिंधी बांधलेली. गाठ सुटेना, तेव्हा तिनं ती दातांनी तोडली. बोळ्याबरोबर रक्ताची गुळणी बाहेर आली.

तिनं पोरीचं डोकं मांडीवर घेतलं. येत होती नव्हती तेवढी हिंदी गोळा केली.

“बेटी, घाबरना नहीं. तेरा गाव कितना बी लांब रहने दे, मैं खुद पोचवती.”

पोरीनं तोंड उघडलं.

“मला हिंदी येत न्हाई, काकू,” ती म्हणाली. “मी दौंडकडचीच. भांडगावची.”