चतकोर गोळी

मागल्या खेपेला सातव्या महिन्यात रक्तदाब चढला आणि शेवंताचं बाळ पोटातच गेलं. या खेपेला कोल्हापूरच्या डॉक्टरीणबाईंनी आधीच बजावलं, ॲस्पिरीनची चतकोर गोळी रोज घ्यायची, चुकवायची नाही. पण सासू तानूबाई अडून बसली. "डोकं दुखलं तर घे. चांगल्या डोक्याला गोळी कशाला गं?"

मग काय, रात्रीची जेवणं आटोपली की शेवंता रोज कपाळ धरून कण्हायची आणि हळूच गोळी गिळायची.

सातवा लागला, माहेरची बहीण भेटीला आली. दोघींच्या हसण्या-खिदळण्यात कपाळाचं भान कुणाला?

तानूबाईच पाण्याचा तांब्या आणि गोळी घेऊन पुढ्यात उभी राहिली.

"आज डोकं दुखवायची इसरलीस की गं, पोरी."