आकडे नसलेला रिमोट

"आई, लाव न बातम्या," अपूर्व म्हणाला आणि त्यानं नवा रिमोट कुमुदताईंच्या हातात दिला.

कुमुदताईंचा अंगठा रिमोटवरून फिरला. वरून खाली, पुन्हा खालून वर. आकडेच नव्हते. एक गोल चकती आणि दोन-चार गुळगुळीत बटणं, संपला रिमोट. जुन्यावर पाचच्या बटणाला बारीक उंचवटा होता. तो सापडला की बाकीचे आकडे आपोआप सापडत. बातम्यांचे तीन आकडे तर त्या डोळे मिटून दाबत. उघडे ठेवून तरी काय उपयोग होता? दोन वर्षांपासून समोरचं माणूस म्हणजे नुसता धुरकट आकार. जबलपुरातल्या नेपियर टाउनच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी हात टेकले होते, पण कुमुदताईंनी मुलाला ताकास तूर लागू दिली नव्हती.

अपूर्वनं केव्हाच बजावलं होतं. डोळे गेले की सदर भागातल्या या घराला कुलूप, आणि आई पुण्याला, त्याच्या अकराव्या मजल्यावर. तिथं त्या एकदा महिनाभर राहिल्या होत्या. दूधवाल्याशीसुद्धा दोन शब्द बोलायची सोय नव्हती. म्हणून अपूर्व जबलपूरला आला की त्या त्याच्यासमोर झटकन बातम्या लावत, आणि त्याचा जीव भांड्यात पडे. या खेपेला मात्र त्यानं आईला सुख म्हणून मोठा टीव्ही आणला. जुना टीव्ही, सेट-टॉप बॉक्सचा डबा, रिमोट, सगळं सकाळीच भंगारवाल्याला देऊन टाकलं.

कुमुदताईंनी अंदाजानं चकती दाबली. काहीच झालं नाही. पुन्हा दाबली. टीव्ही लहान मुलांचं गाणं म्हणू लागला.

अपूर्व उठून जवळ आला. त्यानं त्यांच्या तोंडासमोर हात हलवला असावा, गालाला वारा लागला.

"दिसत नाही न तुला?" त्याचा आवाज उतरला होता. "चलो, सामान भर. उद्याच निघू."

कुमुदताई आधी घाबरल्या. मग भीती ओसरली आणि राग आला. तोफांच्या कारखान्यात तीस वर्षं त्यांनी सुटे भाग बोटांनी तपासले होते. खरखर लागली की भाग बाद, मग साहेब कितीही ओरडो. त्या बोटांना आज ही दीडदमडीची चकती नापास करणार?

त्यांनी रिमोट सोफ्यावर टाकला.

"दोन वर्षं झाली मला दिसत नाही," त्या म्हणाल्या. "तू चारदा येऊन गेला. माझ्या हातचं जेवला. माझ्यासोबत बाजारात फिरला. समजलं तुला?"

अपूर्वनं रिमोट उचलून गाणं बंद केलं.

"मग आज काहून सामान भरायला सांगून राहिला? मी काल होती तशीच आज आहे. बदलला तो टीव्ही. पुण्याला न्यायचंच असेल, तर त्याला ने."